हरकत असल्यास बोला

भिवंडीतल्या एका निमसरकारी कार्यालयाचे हेडक्लार्क अवधूत टिपणीस यांचा मोबाइल जून महिन्यात मुका झाला. समोरच्याचं बोलणं त्यांना लख्ख ऐकू येई. त्यांचं मात्र कुणालाच ऐकू जात नसे. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फोन उघडला, फुंकर मारली आणि बंद केला. "साहब, माइक में रुई बैठ गयी है. चारी बाजूला पॉवरलूम, दुसरं काय होणार? नया ले लो."

टिपणीसांच्या तीस वर्षांच्या सेवेत तुलनात्मक तक्त्याशिवाय कार्यालयात टाचणीसुद्धा आली नव्हती. घरीही तोच नियम. त्यांनी चौदा मॉडेलं निवडली आणि एकेचाळीस रकाने आखले.

"अहो, एखादा घेऊन टाका ना," प्रमोदिनीबाई शाळेत निघता निघता म्हणाल्या. "तोवर माझा वापरा."

"तात्पुरती व्यवस्था कायम होते. सेवेतला अनुभव आहे."

जुलैत तक्ता पुरा झाला आणि त्याच आठवड्यात दोन नवी मॉडेलं बाजारात आली. फेरतुलना करणं भाग पडलं. ऑगस्टात 'पाण्यात अर्धा तास टिकतो' या रकान्यापाशी घोडं अडलं. पाणी थंड की गरम, हे कंपनीने कुठेच लिहिलं नव्हतं.

"तुम्ही पाण्यात जाताय कशाला?"

"अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पडला तर?" टिपणीसांनी कंपनीकडून लेखी खुलासा मागवला.

दरम्यान फोन येतच होते. सोसायटीचे अध्यक्ष शैलेशभाऊ म्हणाले, "टिपणीस, सेक्रेटरी म्हणून तुमचं नाव घालतोय. हरकत असेल तर आत्ताच बोला." टिपणीस जीव तोडून ओरडले. शैलेशभाऊंनी जरा वाट पाहिली आणि आभार मानले. पुढे साहेबांनी याच पद्धतीने त्यांच्या गळ्यात आणखी दोन टेबलं बांधली. चुलत भाऊ आल्हाद याने वळ गावची सामाईक जमीन गोदामाला भाड्याने दिली. "दादा, तू नाही म्हणाला नाहीस, तिथेच मला धीर आला," असं तो सगळ्यांना सांगू लागला. टिपणीस प्रत्येक वेळी लेखी हरकत तयार करीत. पण मसुदा, दुरुस्ती आणि स्वच्छ प्रत होईतो ठराव मंजूर झालेला असे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी नाशिकहून सईचा फोन आला. प्रमोदिनीबाई परीक्षेच्या ड्युटीवर होत्या आणि त्यांचा फोन बंद होता.

"बाबा, मी लग्न ठरवतेय. माझ्याच ऑफिसातला मुलगा आहे. आपल्यातला नाही."

"अगं, मग काय झालं? मला आनंदच आहे!" टिपणीस खुर्चीतून उठून म्हणाले.

"बाबा?"

"सई, मला पसंत आहे! पसंत!"

"काहीतरी बोला ना. रागवा हवं तर."

ते इतके ओरडले की शेजारचं दार उघडलं. पलीकडून सई बारीक आवाजात म्हणाली, "कळलं मला," आणि फोन ठेवला.

पाच महिने ज्यांच्यावर त्यांची हरकत होती, त्या सगळ्यांनी त्यांचं गप्प राहणं होकार म्हणून लिहून घेतलं होतं. ज्या एकीला त्यांचा होकार होता, तिने तो नकार धरला. टिपणीसांनी मेसेज लिहायला घेतला. 'तुझ्या प्रस्तावास अनुसरून' एवढं उमटलं आणि अंगठा थबकला. त्यांनी ते पुसलं, पायात चपला सरकवल्या आणि पहिल्याच दुकानात शिरून म्हणाले, "ज्यातून आवाज जातो असा द्या."

रिक्षात बसायच्या आत त्यांनी नंबर लावला. तिने तिसऱ्यांदा उचलला.

"सई, मी बोलतोय. मला पसंत आहे."

आता तिकडून आवाज येईना. हाही फोन बिघडला की काय, म्हणून टिपणीस पुन्हा दुकानाकडे वळले. मग हुंदका ऐकू आला. इतका स्वच्छ हुंदका त्यांनी याआधी ऐकला नव्हता.

सोमवारी त्यांनी कार्यालयात पेढे वाटले. सगळ्यांनी पेढा तोंडात टाकून टेबलावरचा फोन हातात घेतला. कॅमेरा किती, चार्ज किती वेळात होतो, घाई केलीत, पुढच्या महिन्यात नवा येतोय. पेढे कशाचे, हे कुणी विचारलं नाही.

तुम्हीही मघापासून मॉडेलच्या नावाची वाट पाहत असाल. ते टिपणीसांच्या लक्षात नाही. मुलाचं नाव मिहिर आहे.