नाचातली मोकळी जागा

खरवडपाड्याच्या आदिवासी कला संग्रहालयात मोठ्या भिंतीवर लग्नाचं चित्र आहे. त्यातली जिवली बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि नाचाची साखळी तुटली.

माहेर लांब नव्हतं. समोरच्या दालनात भातलावणीचं चित्र आहे, तिथेच. पण पहिलटकरीण असल्यामुळे सव्वा महिन्याआधी पाठवणार नाही, असं तिच्या आईने भिंतीवरून स्पष्ट सांगितलं होतं.

त्या दिवशी ठाण्याहून टिपणीस नवरा-बायको संग्रहालय पाहायला आले. टिपणीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक वस्तूखालची पाटी ते मोठ्याने वाचत होते. मंदाताई मागून चालत होत्या. गुडघ्यामुळे त्यांना सावकाश चालावं लागे, आणि पाटी वाचून झाली की "चल, चल," असं ऐकावं लागे.

मोठ्या भिंतीशी मात्र त्या थांबल्या. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसं. मधोमध ढोलवाला. त्याच्याभोवती एकमेकींच्या कमरेला हात घालून उभ्या असलेल्या बाया, आणि त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा. कुणीच हलत नव्हतं.

"हे बंद आहे का?" टिपणिसांनी विचारलं.

संग्रहालयाच्या प्रमुख कल्पना वरठा तिथेच चिंतेत उभ्या होत्या. हे चित्र त्यांच्या आत्याने काढलेलं होतं, त्यामुळे त्यांना ते लग्न घरचंच वाटे. "बंद नाही, अडलंय," त्या म्हणाल्या. "साखळी पुरी झाल्याशिवाय नाच नाही, नाचाशिवाय धवलेरी लग्न लावणार नाही. धवलेरी म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई. ती तिकडे पाठ करून बसलीय बघा. नवऱ्याकडची माणसं तर म्हणतायत, आज झालं नाही तर परत जातो."

भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात वऱ्हाडी खरंच गाठोडी बांधत होते. नवरी लग्नासाठी पिठाने काढलेल्या चौकाशेजारी मान खाली घालून बसली होती.

"मग बदली माणूस घ्यायचा," टिपणीस म्हणाले. "आमच्या खात्यात तसंच करायचे."

"घ्यायचाच आहे. पण बाईमाणूस हवं, आणि मनापासून यायला हवं." कल्पनाताई मंदाताईंकडे वळल्या. "काकू, येता का?"

मंदाताई लाजल्या. "मला नाचता येत नाही हो."

"एक पाय पुढे, एक मागे. बाकी शेजारणी ओढून नेतात."

"आणि माझी कंबर? यांच्या कंबरा बघा, दोन त्रिकोण नुसते टोकाला टोक लावून ठेवलेत."

"कमरेचं तिकडे जमवून घेतात."

"मंदा, गुडघ्याचं काय?" टिपणीस म्हणाले. "आणि साडेचारची एसटी?"

मंदाताईंनी नवरीकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात वऱ्हाड असंच मानपानावरून रुसून बसलं होतं, आणि त्याही अशाच मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या. चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला. भिंतीतून दोन्ही बाजूंनी हात पुढे आले. ते धरून त्या वर चढल्या. जांभळी साडी पांढरी झाली, कमरेचं जमलं, आणि ढोल वाजू लागला.

पहिल्या फेरीत त्या दोनदा चुकल्या. शेजारच्या बाईने "अगं, डावा!" म्हणून त्यांना वळवलं. दुसऱ्या फेरीत त्या हसू लागल्या. त्या सगळ्यांना डोक्याच्या जागी सारखाच गोल ठिपका होता, पण डावा पाय जपून टाकणारी बाई कोणती, हे टिपणिसांना लगेच कळत होतं. पाट्या वाचायच्या सोडून ते तिथेच बाकावर बसले. मंदा इतक्या मोठ्याने हसते, हे त्यांना माहीत नव्हतं.

धवलेरी उठली. गाणं सुरू झालं. वऱ्हाड्यांनी गाठोडी सोडली. नवरीने मान वर केली आणि लग्न लागलं. कल्पनाताईंनी पदराने डोळे पुसले. जेवणावळ बसली. मंदाताई दोनदा भात घेऊन जेवल्या.

संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली.

"मंदा, चल," टिपणीस भिंतीजवळ जाऊन म्हणाले.

"अहो, कशी येऊ? लग्न झालं तरी नाच आहेच. जिवली येईपर्यंत मला सोडत नाहीत. आणि खरं सांगू, गुडघा दुखत नाहीये इथे."

"घरी दूध कोण घेईल?"

"सामंतवहिनींना सांगा. त्या घेतील."

टिपणिसांनी तिचा चष्मा दोन-तीनदा रुमालाने पुसला. ठाण्याच्या घरात एकट्याने पेपर मोठ्याने वाचायचा, हे त्यांना जमेल असं वाटेना. शेवटी ते कल्पनाताईंकडे गेले.

"पुरुषांसाठी काही जागा?"

कल्पनाताईंनी भिंत डावीकडून उजवीकडे नीट पाहिली. "माणसाची नाही, काका. कोंबड्याची आहे."

"आधीचा कोंबडा कुठे गेला?"

"आता जेवणात होता."

टिपणिसांनी विचार केला. "पुढचं लग्न कधी?"

"होळीनंतर. जिवली त्याच्या खूप आधी येईल."

"मग हरकत नाही. जागा कुठली?"

"झोपडीच्या छपरावर. तिथून नाच चांगला दिसतो."

टिपणिसांनी घड्याळ काढून बाकावर ठेवलं, बूट नीट जोडीने लावले. वरून मंदाताईंनी हात दिला.

"आरवावं लागेल का?" अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं.

"फक्त पहाटे. पण वेळेवर हवं, सगळं गाव त्यावर उठतं," कल्पनाताई खालून म्हणाल्या.

"वेळेची काळजी नको," टिपणीस म्हणाले. छपरावर बसून त्यांनी घसा खाकरून पाहिला. आवाज चांगला लागत होता.