बघण्याची परवानगी

कॅमेरा घ्यायचा ठरल्यावर भिवसेन तात्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर आख्ख्या गल्लीची परवानगी घेतली. घरोघर जाऊन, दाराबाहेर खाकरून, "आमच्या भिंतीवरनं तुमी दिसनार. चालंल का?" तिसगावात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकं रोज येतात, पण असलं गिऱ्हाईक बापजन्मात पाहिलं नव्हतं.

तात्यांचं एकच म्हणणं. "ज्याच्याकडं बघायचं, त्याला आधी इचारावं."

काकू चहा देता देता म्हणाल्या, "ही खोड जुनीच हाय. मला बघाया आले तवा दारातच हुबं राहून इचारलं, बघू का? आमचं वडील म्हनले, मग आलाय कशाला?"

कॅमेऱ्याला कारणही तसंच होतं. तात्यांच्या दोन शेळ्या गोठ्यातून चोरीला गेल्या होत्या. उरल्या चार, त्याही गाभण. त्या गेल्या तर दावण रिकामीच. सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाने फोन करून मला बजावलं होतं, "म्हाताऱ्याचं ऐकू नका, गोठा दिसला पाहिजे."

म्हाताऱ्याचं ऐकू नका म्हणे! मी चार कॅमेरे घेऊन गेलो आणि तात्यांनी चौघांची मुलाखत घेतली. मान फिरवणारा बघून म्हणाले, "ह्यो लोचट हाय." काळ्या काचेचा गोल कॅमेरा हातात धरला नि परत दिला. "कुठं बघतुय त्ये कळंना. ह्याचा भरवसा न्हाई." शेवटी साधा, सरळ नाकासमोर बघणारा पसंत पडला.

मी भिंतीवर धरून मोबाईलवर दाखवला. गोठा झकास दिसत होता. गोठ्यामागे समोरच्या सोनाआक्कांचा उंबराही दिसत होता. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. गल्लीत नाही म्हणाली होती ती एकटी सोनाआक्का. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, म्हातारी एकटीच घरी.

"काही काळजी नको," मी म्हणालो. "तेवढ्या जागेवर काळा चौकोन टाकतो. काही दिसणार नाही."

"जित्या बाईच्या उंबऱ्याला काळं फासतो व्हय?"

मग कॅमेरा डावीकडे वळवला तर शेळ्या सुटल्या, खाली वाकवला तर नुसती गव्हाण दिसायला लागली. तासभर शिडीवर लटकून माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तात्या, एक काय ते ठरवा. शेळ्या का आक्का?"

तात्यांनी भिंतीकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं. "कॅमेरा वळंना, तर गोठा वळवू. तू परवा ये."

मला वाटलं, टाळलं मला. पण परवा गेलो तर सत्तरीच्या या माणसाने गोठ्याचे पत्रे उतरवून, मेढी उपटून, सगळा गोठा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा केला होता. हाताला फोड आलेले. मी मनातल्या मनात हात जोडले आणि गुपचूप कॅमेरा बसवला. चारही शेळ्या दिसल्या, उंबरा दिसला नाही.

शिडीवरून उतरतोय तोच सोनाआक्का उंबऱ्यावर येऊन बसल्या. कानाला मोबाईल, आवाज खणखणीत. "व्हय रं बाबा, जेवले. तू जेवलास का?"

तो मोबाईल मी ओळखला. महिन्यापूर्वी आक्का तो माझ्याच दुकानात घेऊन आल्या होत्या. आतलं सगळं जळलेलं होतं. हा आता कधीच चालू व्हायचा नाही, असं मीच त्यांना सांगितलं होतं. "असू दे," म्हणून त्या तो परत घेऊन गेल्या होत्या.

मी तात्यांकडे पाहिलं. ते आक्कांकडे पाठ करून शेळीचं दावं बांधत होते.

"समद्या गल्लीला म्हाईत हाय," ते हळूच म्हणाले. "पर तिकडं कुनी बघत न्हाई."

थोड्या वेळाने आक्का उठून कुंपणापाशी आल्या. "तात्या, पोराचा फोन हुता."

तात्या लगबगीने वळले. "व्हय का? काय म्हनतुय?"

"थंडी लई हाय म्हनतुय तिकडं."

"मग त्याला म्हनावं, कानटोपी घालत जा."

"सांगते की," आक्का म्हणाल्या. "उद्या करंल तवा सांगते."