आधी परतीचं बोल

त्रिंबकनाना कुठल्याही प्रवासाची आखणी परतीपासून करतात. अंबाजोगाईच्या स्टँडसमोर माझं बुकिंगचं ऑफिस आहे. बाकीची गिऱ्हाइकं येतात आणि कुठं जायचंय ते सांगतात. नाना खुर्चीत बसतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "दत्ता, आधी परतीचं बोल." परतीचं विमान ठरल्याशिवाय जाण्याचं विमान त्यांना ऐकूसुद्धा येत नाही.

नानांना युरोपला जायचं आहे. एक देश नाही, पाच. काही ठिकाणी विमान, मधे भाड्याची मोटार. ही आखणी कित्येक वर्षं चालली आहे. तेवढ्या काळात माझ्या ऑफिसातून शेजारचं निम्मं केज गाव दुबई बघून आलं. नाना मात्र दर आठवड्याला येतात, पाच देशांची नवी वाट मांडतात, माझ्याकडून भाव काढून घेतात, चहा पितात आणि युसूफ वडगावला जाणाऱ्या एसटीनं आपल्या वस्तीवर परत जातात. पैशाची अडचण म्हणावी तर तीही नाही. हायवेत जमीन गेली, मोबदला आला. बायको जाऊन बराच काळ लोटला. घरी एकटेच असतात.

दुसरा कुणी असता तर त्याला मी कधीच हाकलला असता. माझं डोकं लवकर तापतं, हे स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे. पण नानांचा आणि माझा जुना हिशेब आहे. तो चुकता होईपर्यंत गिऱ्हाईक हातचं सोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

नाना आमच्याकडच्या दूध संघाचे सेक्रेटरी होते आणि मी संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. दुष्काळ पडला, चारा संपला, जनावरं छावणीला गेली. दूधच नाही म्हटल्यावर टँकर उभे राहिले. नानांनी ते धुऊन घेतले आणि पाण्याला लावले. सुरुवातीला पाण्याला दुधाचा वास यायचा. म्हाताऱ्या नाक मुरडायच्या, बारकी पोरं मात्र खूश.

त्या उन्हाळ्यात नानांनी दोन नियम घातले. पहिला, टँकर निघायच्या आधी तो परत कधी येणार ते सांगायचं, कारण परत आला नाही तर पुढचं गाव कोरडं. दुसरा, खास खेप नाही. आमदाराचा पाहुणा असो की संघाचा चेअरमन, जे वाटेत येईल त्यालाच पाणी. नानांची स्वतःची वस्ती वाटेच्या शेवटी होती. तिथं पोचेपर्यंत टँकरमध्ये खडखडाट असायचा. त्यांची पोरगी मंगल घागर घेऊन उभी असायची. मी नळ सोडून दाखवायचो, चार थेंब पडायचे आणि ती घागर उचलून आत जायची. नाना केबिनमध्ये माझ्याशेजारी बसलेले असले तरी खाली उतरायचे नाहीत.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. मी नानांकडं एक खेप मागितली. एकच.

"टँकर गावाचा हाय," नाना म्हणाले. "लग्नाचा न्हाई."

"नाना, वऱ्हाड जेवून उठल्यावर हात कशानं धुणार?"

"तुझा मांडव वाटेत हाय का?"

"वाटेत कावून असंल? मांडव कुणी वाटेत घालतंय का?"

"मग न्हाई."

मी किल्ली त्यांच्या टेबलावर आपटली आणि जे तोंडाला येईल ते बोललो. नानांनी किल्ली उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून टँकर स्वतः चालवला. नवऱ्याकडच्या मंडळींनी पत्रावळीला हात पुसले. बहिणीची सासू अजून म्हणते, "तुमच्याकडं जेवलो, पण हात घरी येऊन धुतले." दर दिवाळीला म्हणते. मी तेव्हा जुनी जीप घेतली, मग दुसरी, मग हे ऑफिस. सगळं उभं राहिलं, पण ते वाक्य काही बुजलं नाही.

तर असा हा माणूस माझ्याकडं युरोपची आखणी करतो. तीही टँकरच्याच रीतीनं.

विमान मधे बदलावं लागेल, असं मी एकदा सांगितलं. नाना म्हणाले, "आपण उतरल्यावर पहिलं इमान काय करतं?"

"जातं की कुठंतरी."

"रिकामं?"

"नाना, इमान तुमच्या संघाचं न्हाई!"

"म्हणून रिकामं पळवायचं का बे?"

मोटारीचं त्याहून अवघड झालं. एका देशात घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडली तर जादा आकार पडतो. नानांना ते पटेना. मी मोटारवाल्यांच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. तिकडं एक मुलगी होती. नानांनी निजामाच्या काळापासून चालत आलेली आपली हिंदी काढली.

"बाई, गाडी हिधर लिया, हुधर छोड्या, तो जादा पैसा कायकू?"

"सर, गाडी वापस लानी पडती है."

"खाली लाते?"

"जी सर, खाली."

नानांनी फोनवर हात ठेवला. चेहरा असा झाला की जणू कुणी भरलेल्या टँकरचा नळ उघडा ठेवलाय. "दत्ता, हे लोक रिकाम्या गाड्या पळवतात!" मग पुन्हा फोनमध्ये, "बाई, ऐसा करो. हुधर से आनेवाले दो आदमी बिठाव उसमें. तुमारा डिझेल निकलता, उनका भाडा बचता." मुलगी हसली की रडली कळलं नाही, पण फोन कट झाला. त्या दिवसापासून नाना युरोपबद्दल कीव आल्यासारखं बोलतात. "लई श्रीमंत मुलूख हाय. पण नियोजन न्हाई."

तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, हे सांगून मी त्यांना भिववून पाहिलं. "मी अख्खा टँकर आडापर्यंत रिव्हर्सनं नेत होतो," ते म्हणाले. "मला बाजू नको सांगू."

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वाट कुठलीही असो, देश कुठलेही असोत, प्रत्येक आखणीत जर्मनीच्या वरच्या अंगाचं एक गाव असायचं. समुद्राजवळचं बारकं गाव. नाव माझ्या तोंडात बसत नाही. नानांची मंगल इथंच नर्सिंग शिकली आणि त्याच गावच्या दवाखान्यात लागली. मला वाटलं, म्हातारा मुक्कामाचं भाडं वाचवतोय.

पण अडचण अशी की ते गाव कशाच्याच अध्येमध्ये येत नाही. पॅरिसहून रोमला जाणारा माणूस तिकडं जाणं म्हणजे बीडहून पाटोद्याला निघून नांदेडला वळसा घालणं. नाना दर वेळी नवा देश जोडायचे. डेन्मार्क घातला, हॉलंड घातला. गाव काही वाटेत येईना.

परवा त्यांनी नॉर्वे काढला आणि माझं डोकं फिरलं. ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, तरी मी ओरडलो. "नाना, बास! हे गाव कुठल्याच वाटेत न्हाई! तुमी पृथ्वी उलटी केली तरी न्हाई येणार! पोरीकडं जायचं तर नीट पोरीकडं जावा की! ही पाच देशांची वरात कशाला?"

नाना टोपी मांडीवरच फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती निघाली तवा मला म्हणली होती, मुंबईला इमानावर सोडायला चला. मी म्हणलं, मुंबईत माझं दुसरं काय काम हाय? खास तेवढ्यासाठी कशाला?"

"मग?"

"गेली एकटी. आता फोनवर बोलती. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. एकदा मीच इचारलं, येऊ का तिकडं? तर म्हणली, कधी वाटेत आलं तर या, नाना."

दोन्ही गिऱ्हाइकं भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागली.

"दत्ता," नाना म्हणाले, "सरळ तिथलंच काढ. मधे काय बघायचं न्हाई. खास खेप."

या शब्दाची मी पार त्या लग्नापासून वाट बघत होतो. उत्तरही केव्हाचं तयार होतं. "खास खेप नियमात बसत न्हाई, नाना."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "न्हाई बसत. म्हणून तर तुझ्याकडं आलो. अशी खेप तूच मागितली होती."

मी कॉम्प्युटरकडं वळलो. "परतीचं कधीचं धरू?"

नानांनी हात वर करून मला थांबवलं आणि फोन लावला. "मंगल, मी येतोय... न्हाई, वाटेत न्हाई. वाटेत कुठं हाय तुझं गाव? खास येतोय." मग फोन कानाला धरूनच माझ्याकडं वळून म्हणाले, "ती इचारती, परत कधी जाणार."

बापाचीच पोर. आधी परतीचं.

"मग काय धरू?" मी म्हणालो. "व्हिसाला तारीख दाखवावी लागती."

नाना फोनमध्ये म्हणाले, "ते तू सांग." आणि मला म्हणाले, "बदलता येईल असं काढ."

"ते महाग पडतंय."

"पडू दे."

इतक्या वर्षांत या माणसानं पहिल्यांदा माझ्याशी घासाघीस केली नाही. मीही उगाच केली नाही. बहिणीच्या लग्नाचा राग मात्र गेलेला नाही. तो हिशेब नाना परत आल्यावर काढायचा, असं मी ठरवलं आहे. पण परतीची तारीख अजून पक्की नाही.