साच्यातलं बाळ

दुपार झाली तरी बेल एकदाही वाजली नव्हती. एरवी बाळाचा डोळा लागायचा अवकाश, कुणी ना कुणी बेलवर बोट ठेवायचंच. आज मात्र जिन्यावर पावलं वाजायची, दाराशी येऊन थांबायची आणि घाईघाईने परत उतरायची. तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. दूधवाला दाराकडे टक लावून उभा होता. बघता बघता तो मागे सरकला आणि पिशवी तिथेच ठेवून पसार झाला.

मन दुसरीकडे वळवायला तिने लॅपटॉप उघडला. सगळ्यांनी मिळून लिहायच्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात 'हे पान इतर भाषांत वाचा' अशा दुव्यांचा साचा ती सांभाळायची. साचा एकच, पण उमटायचा हजारो पानांच्या तळाशी. सकाळीच, बाळाला खांद्यावर थोपटत, तिने त्यात एक नवी भाषा घातली होती. ती नीट दिसते का, हे बघायला तिने ज्वालामुखीचं पान उघडलं. तळाशी एकही भाषा नव्हती. तिथे लिहिलं होतं : 'बाळ झोपलंय. बेल वाजवू नका.'

तिने पाळण्याकडे पाहिलं. बाळ खरंच झोपलं होतं.

देवमाशाचं पान : बाळ झोपलंय. हिमयुगाचं पान : बाळ झोपलंय. तेवढ्यात पडद्यावर निरोप झळकला. 'घुबड' या टोपणनावाचा कुणी अनोळखी संपादक विचारत होता, "उठलं का बाळ?"

तिने पाळणा ओढून अगदी पायाशी घेतला आणि नवऱ्याला फोन लावला.

"अरे, आपल्या घरावर कुणीतरी नजर ठेवून आहे!"

"कोण?"

"घुबड!"

"मग खिडकी लावून घे ना."

"पक्षी नव्हे रे, माणूस! पानापानावर लिहून ठेवलंय, बाळ झोपलंय, बेल वाजवू नका."

"अगं, हे तर तू दारावर लावायला लिहिणार होतीस."

"लिहिलं, तुला पाठवलंसुद्धा. छापून चिकटवलास ना कागद?"

"चिकटवला की. पण त्यावर असलं काही नव्हतं. नुसते महिरपी कंस आणि कुठकुठल्या लिप्यांतली अक्षरं. म्हटलं, असेल तुझं काहीतरी. उशीर होत होता, विचारलं नाही."

तिने कपाळावर हात मारला. एका हाताने थोपटत दुसऱ्या हाताने केलेला कारभार! दारावरची सूचना साच्यात गेली होती आणि साचा दारावर.

तिने साचा आधी पूर्ववत केला. घुबडाला कळवलं, "चूक माझी. बाळ अजून झोपलंय."

"बरं झालं," लगेच उत्तर आलं. "आम्ही सगळे हळूहळूच टाइप करत होतो."

मग कागद काढायला तिने दार उघडलं. जिन्याच्या कोपऱ्यात कुरिअरवाला पार्सल छातीशी धरून उभा होता. बूट काढून हातात घेतलेले.

"ताई, हात नका लावू त्याला!" तो कुजबुजला. "वरच्या काकू म्हणाल्या, मंतरलेला आहे. बेल वाजवणाऱ्याची वाचा जाते म्हणे. खरंय का?"

ती हसणार होती. पण आतून बाळाचा संथ श्वास ऐकू आला. जन्मल्यापासून ते इतका वेळ सलग झोपलं नव्हतं.

कागदाचा एक कोपरा सुटला होता. तिने तो अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"खरंय," ती हलकेच म्हणाली. "सकाळीच एकाची गेली."

आणि आवाज न करता तिने दार लावून घेतलं.