शे का नही

देवरे सरांसमोर 'बघतो' म्हणायची सोय नव्हती. कॅन्टीनवाले अण्णा "चहा होतोय" म्हणाले की सर लगेच म्हणत, "शे का नही, इतकंच सांगा. होतोय म्हणजे नही." एका सहकाऱ्यानं लेकीच्या लग्नाची पत्रिका देताना "जमलं तर या" म्हटलं, तर सर लग्नाला गेलेच नाहीत. 'जमलं तर' हे काही आमंत्रण नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

सर सटाण्याकडचे. तिकडच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर सायन्सच्या नव्या पोरांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून देत, आणि त्यांच्या मते सगळा कॉम्प्युटर एवढ्यावरच चालतो. वीज शे, वीज नही. बाकी नुसती सजावट. पहिले पंधरा दिवस ते मशीनवरचं कव्हरसुद्धा काढू देत नसत. आम्हीच कॉम्प्युटर व्हायचं. उभा राहिला तो शे, बसला तो नही. सर आकडा सांगणार आणि अख्खी रांग उठाबशा काढणार. एकदा शिपाईमामा दारातून हे बघून गेले आणि पोरांनी एवढं काय केलं, म्हणून ऑफिसात विचारून आले. आता मी सॉफ्टवेअरमध्येच आहे, पण ते उठणं-बसणं अजून गुडघ्यांना आठवतं.

मीही त्याच बाजूचा, बागलाणातला. घरचा शब्द वर्गात ऐकून इतकं बरं वाटलं की पहिल्या प्रोग्रॅममध्ये हो-नाहीची नोंद ठेवायच्या जागेला मी तेच नाव दिलं. इंग्रजी अक्षरांत, एस-एच-ई. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्क्रीनवर 'इफ शी' वाचलं आणि चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारलं, ही मुलगी कोण? सगळी लॅब खो खो हसली. त्या दिवसापासून पोरं मला 'शी' म्हणू लागली. मराठीत त्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नकोच. हे आपलं काम नाही, असं मी ठरवून टाकलं आणि शनिवारी हॉस्टेलमधली गादी गुंडाळून निघालो.

सीबीएस स्टँडवर सटाण्याच्या गाडीपाशी सर शेंगा खात बसले होते. पहिल्या महिन्यातले सगळे शनिवार ते तिथेच काढत, हे मला पुढे कळलं. सुट्टीला जाणाऱ्याकडे कपड्यांची पिशवी असते. गादी घेऊन निघालेला परत येत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. गादीकडे बघून म्हणाले,

"घरमा गादी नही शे का? ठेव ती माझ्याकडे. सोमवारी घेऊन जा."

आणि माझ्या हातातून घेऊन ती स्कूटरवर आडवी टाकलीसुद्धा.

वडिलांनी नवा कापूस घालून ती भरून दिली होती. घरी गेल्या गेल्या त्यांनी गादी कुठंय विचारलं. सरांकडे ठेवलीय म्हणालो, आणि मग सोमवारी परत येणं भागच पडलं.

स्टँडवरून थेट सरांच्या घरी गेलो. ते एकटेच राहत. गॅलरीत माझी गादी उन्हात टाकलेली होती आणि तिच्या शेजारी आणखी तीन. कापड विटलेलं, पण उसवलेल्या जागी नवे टाके होते. या कोणाच्या, असं मी विचारलं.

"त्यांनाही सोमवारच सांगितलेला. यायची आहेत पोरं," सर म्हणाले.

मग वाकून त्यांनी तिन्ही गाद्यांची दुसरी बाजू उन्हाकडे केली. मी माझी गादी खांद्यावर घेतली आणि हॉस्टेलची वाट धरली.