लोणच्याच्या बरणीतला जलप्रलय

ऑर्व्हल टिपटनने नातीचा दगड तिला न विचारता खिशात घातला. चोरी कसली, धर्मकार्यच ते! अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरावर सापडलेला, शिंपल्यांनी खच्चून भरलेला दगड. बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाने डोंगरही बुडवले होते, याला आणखी कुठला पुरावा हवा? रविवारच्या धर्मवर्गात पोरांनी जॅम लागलेल्या बोटांनी तो हाताळला आणि म्हातारा खूश झाला.

विचारलं असतं तर नातीने, डेल्फियाने, दिलाही असता. पण विचारणार कसं? पोरगी विद्यापीठात दगडांचंच शिकत होती. ईस्टरच्या जेवणात तिने दगडांचं वय "कोट्यवधी वर्षं" म्हटलं, बायबलच्या हिशेबाने जग सहा हजार वर्षांचं मानणाऱ्या आजोबांनी काटा खाली ठेवला, आणि तेव्हापासून दोघं फक्त पाऊसपाणी आणि बटाटे एवढंच बोलत. शुक्रवारी ती हा दगड घेऊन प्राध्यापकांकडे निघणार होती.

चिकट झालेला दगड ऑर्व्हलने चर्चच्या स्वयंपाकघरात धुऊन ओट्यावर सुकत ठेवला. प्रार्थना आटोपून येतो तर दगड गायब!

"स्वच्छ धुतलेला, चपटा, ओट्यावर ठेवलेला," चर्चसाठी लोणची घालणाऱ्या मॅव्हिसबाई म्हणाल्या. "मला वाटलं लोणच्याचाच. काकड्यांवर दडपण म्हणून ठेवून बरणी माझ्या घरी पाठवली. आणि चर्चच्या स्नेहमेळाव्यापर्यंत झाकण उघडणार नाही हं, ब्रदर ऑर्व्हल. व्हिनेगर मुरायला हवं."

घरी डेल्फियाने खोली उलथीपालथी केली होती. "आजोबा, माझा दगड बघितलात का हो?"

"कोणता गं?" बाप्तिस्म्यापासून कधी खोटं न बोललेला माणूस म्हणाला. पुढे त्याला जेवण गोड लागेना. गुरुवारी त्याने सगळं कबूल करून टाकलं.

"व्हिनेगरमध्ये?" डेल्फिया किंचाळली. "अहो, चुनखडी आहे ती! विरघळेल ना!"

दोघं गाडीने मॅव्हिसबाईंच्या घरी निघाले. वाटेत ऑर्व्हल म्हणाला, "तुझी आजी गेली तेव्हा मी तिला बायबल वाचून दाखवत होतो. स्वर्गात पुन्हा भेटू, म्हणालो. आता पहिलंच पान खोटं ठरलं पोरी, तर शेवटच्या पानावर मी विश्वास कसा ठेवू? तिला शोधू कुठे?"

डेल्फियाचा राग कुठल्या कुठे गेला. तिने त्याचा खरबरीत हात धरला. "आजीला कुणी हिरावून नेत नाहीये, आजोबा."

मॅव्हिसबाईंनी कुरकुरत बरणी उघडली, तर काकड्यांवर फेसच फेस. दगडाची चुनखडी झिजली होती आणि शिंपल्यांची रेघ न् रेघ उठून दिसत होती. डेल्फियाने तोंडावर हात ठेवला.

"रडू नकोस गं. दुसरा शोधू."

"रडतेय कुठे! शिंपल्यांची गारगोटी झालीय, म्हणून वाचले. आमच्याकडे मुद्दाम आम्लात बुडवून हेच करतात!"

मॅव्हिसबाईंनी एक काकडी चावून पाहिली. "आंबटपणा पार गेला की! मेल्या दगडाने माझं सगळं व्हिनेगर पिऊन टाकलं!"

शुक्रवारी निघताना ऑर्व्हलने नातीच्या हातात आणखी एक चपटा दगड ठेवला. "तुझ्या आजीचा, लोणच्याचा. ह्यातही शिंपले आहेत. घेऊन जा. फक्त किती जुना ते मला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

रविवारी तिचा फोन आला. पावसाचं बोलून झालं, बटाट्यांचं झालं. ऑर्व्हलने फडताळात आजीचा दगड असायचा त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"बरं, सांग. किती जुना निघाला आजीचा दगड?"

"नक्की सांगू, आजोबा?"

"थांब जरा," त्याने खुर्ची ओढली. "आधी बसतो."