चौदा कोर्स, सगळे मान्यताप्राप्त

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ग्रामरनी कॉम्प्युटरवरच्या चौदा चौकोनांत चौदा खुणा केल्या आणि घरादाराची शांतता घालवून बसले.

ग्रामर म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातल्या पत्रव्यवहार विभागाचे हेडक्लार्क. हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी दिलं होतं, आणि त्यात टिंगल असावी अशी शंका त्यांना एकोणीस वर्षांत शिवली नव्हती. पाइप फुटल्याची तक्रार इंग्रजीत आली की ते आधी तिचं व्याकरण सुधारत आणि मग ती दुरुस्ती विभागाकडे धाडत. तोवर तक्रारदाराच्या जिन्यावरून पाणी वाहत असे, पण अर्ज निर्दोष झालेला असे. असा माणूस बढतीत तिसऱ्यांदा डावलला गेला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, बस्स झालं. परदेशात जायचं आणि इंग्रजी शिकवायचं.

त्यासाठी सर्टिफिकेट कोर्स लागतो असं कळलं. कोर्सची तुलना करून देणारी एक वेबसाइट सापडली. तिच्यावर चौदा संस्था होत्या. कोणत्या संस्थेची माहिती हवी, या प्रश्नावर ग्रामरनी कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्यांवर खूण केली. फोन नंबरासाठी तीन रकाने होते. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. पहिल्यात त्यांनी स्वतःचा नंबर घातला, दुसऱ्यात बायकोचा, तिसऱ्यात ऑफिसचा.

पहिला फोन चार मिनिटांत आला. संध्याकाळपर्यंत अकरा सीनियर काउन्सेलर बोलून झाले. ज्युनियर कुठल्याच संस्थेत नव्हता. प्रत्येकाची सवलत आजच संपत होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आजच संपत होती. एक कोर्स साठ तासांचा, दुसरा एकशेवीसचा. तिसरा अडीचशे तासांचा होता, पण तो घाई असेल तर शनिवार-रविवारात उरकून मिळत होता.

ग्रामर सगळ्यांना एकच विचारत, की तुमच्या सर्टिफिकेटला मान्यता कोणाची? मान्यता चौदाही जणांकडे होती, बहुतेकांकडे भरपूर. ग्रामरनी तक्ता आखला. पहिल्या संस्थेला एका मंडळाची मान्यता होती, त्या मंडळाला एका परिषदेची, परिषदेला एका जागतिक महासंघाची. महासंघाचा पत्ता शोधला तर तो पहिल्या संस्थेचाच निघाला, फक्त मजला वेगळा होता. तक्ता लांबत गेला, भिंतीवरचा आरसा काढून त्या जागी लागला, आणि घरातली माणसं भांग अंदाजाने पाडू लागली.

दोन दिवसांनी त्यांनी फोन बंद करून ठेवला. मग सगळे फोन बायकोकडे जाऊ लागले.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नमुने घ्यायची. विज्ञानाची पदवीधर बाई, पण इंग्रजी बोलणं तिने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सोडून दिलं होतं. तिचं वाक्य निम्म्यावर आलं की ग्रामर ते दुरुस्त करत, आणि उरलेलं निम्मं तिच्या पोटातच राही. काउन्सेलर मंडळी मात्र दुरुस्त करत नव्हती. त्यांना कोर्स खपवायचा होता, त्यामुळे बायको काहीही बोलली तरी पलीकडून "व्हेरी गुड क्वेश्चन, मॅडम" येई. इतकं कौतुक तिला माहेरीही मिळालं नव्हतं. ती रोज तासतासभर बोलू लागली. कोर्सचं राहिलं बाजूला, एका काउन्सेलरच्या आईची गुडघेदुखी, दुसरीचं मोडलेलं लग्न, सगळं इंग्रजीत ऐकून आणि त्यावर सल्ला देऊन झालं.

तिसरा नंबर ऑफिसचा होता. तो साहेबांच्या टेबलावर वाजला. साहेबांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि ग्रामरना आत बोलावलं.

"परदेशात चाललाय म्हणे तुम्ही? आम्हाला पत्ताच नाही."

ग्रामर सांगणार होते की अजून कोर्सच ठरलेला नाही. पण साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांनी ग्रामरचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ऑफिसचं नाव काढलंत. तुमच्यासारख्या माणसाला इथे वाव नव्हता, हे मी नेहमी म्हणायचो."

एकोणीस वर्षांत साहेब हे कुणाकडे म्हणायचे, हा प्रश्न ग्रामरना सुचला नाही. त्यांचे डोळे भरून आले. परदेशी नोकरीसाठी दोन वर्षांची बिनपगारी रजा देण्याचा नियम होता. साहेबांनी तो स्वतः शोधला, अर्ज स्वतः टाइप करवला, त्यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या तरी ग्रामरनी भारावून सही केली. शुक्रवारी निरोप समारंभ झाला. गुच्छ मिळाला, भाषणं झाली. सोमवारी त्यांच्या खुर्चीवर साहेबांचा साडू बसला.

आता कोर्स निवडणं भाग होतं. आठ दिवस तक्त्यासमोर उभं राहूनही उत्तर मिळेना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या बाजारामागच्या संस्थेच्या बाई आहेत ना, त्यांचा घ्या. त्यांनी एकदाच फोन केला. आणि त्या म्हणाल्या, आम्ही मागे बसून तुमचं शिकवणं बघतो. बाकी कुणी बघायचं नावच काढत नाही."

त्या संस्थेला एकाच विद्यापीठाची मान्यता होती, आणि ते विद्यापीठ खरोखर होतं. ग्रामरनी नाव घातलं.

चार आठवड्यांच्या अभ्यासानंतर प्रत्यक्ष पाठाची वेळ आली. इंग्रजी धड न येणारे सहा विद्यार्थी ज्याने त्याने आणायचे होते. बायकोने लॅबमधला ड्रायव्हर, दोन आया, शेजारची शिंपीणबाई आणि तिची सासू असे पाच जमवले. सहावं कुणी मिळेना, म्हणून ती स्वतः बसली.

ग्रामरनी प्रेझेंट परफेक्ट घेतला. फळा डावीकडून उजवीकडे भरला, पुसला, पुन्हा भरला. चाळीस मिनिटांत ड्रायव्हरने एकदा जांभई द्यायला तोंड उघडलं, तेवढाच वर्गाचा सहभाग. मागच्या बाकावर परीक्षकबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग त्या म्हणाल्या की आता विद्यार्थ्यांना बोलू द्या.

ग्रामरनी शिंपीणबाईच्या सासूबाईंना प्रश्न विचारला. सासूबाई उभ्या राहिल्या आणि थरथरू लागल्या. ते बघून बायको उठली. लॅबमध्ये सुई पाहून लोक असेच थरथरत, आणि तिचं निम्मं काम त्यांना बोलतं ठेवण्याचंच असे. तिने सासूबाईंचा हात धरला आणि इंग्रजीतच विचारलं, सून चांगली आहे का?

सासूबाईंचा चेहरा उजळला. "सून... नो गुड. चहा गुड."

शिंपीणबाईने तिथल्या तिथे उत्तर दिलं, तेही इंग्रजीत. आया मध्ये पडल्या. ड्रायव्हरने दोन्ही बाजूंना समजावलं. पंचवीस मिनिटं वर्गात अखंड मोडकंतोडकं इंग्रजी चाललं होतं आणि ग्रामर खडू हातात धरून प्रत्येक वाक्यातल्या चुका मोजत होते. एकशेबारापर्यंत मोजून त्यांनी नाद सोडला.

परीक्षकबाईंनी वही मिटली. ग्रामरना त्या सौम्यपणे म्हणाल्या की तुम्हाला पुन्हा पाठ द्यावा लागेल. मग बायकोकडे वळल्या. "तुम्ही कुठे शिकलात शिकवायला?"

"कुठेच नाही. फोनवर थोडंफार."

पुढच्या तुकडीत बायकोने नाव घातलं. ती पहिल्याच पाठात पास झाली. ग्रामर तिसऱ्यांदाही पास झाले नाहीत. दोन महिन्यांत बायकोला परदेशातल्या प्रौढांच्या एका शाळेचं नोकरीचं पत्र आलं. पती सोबत येऊ शकतात, असं त्यात शेवटी लिहिलं होतं. इथे खुर्ची साडूकडे होती आणि दीडेक वर्षाची रजा शिल्लक होती. ग्रामरनी भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि बॅग भरायला घेतली.

व्हिसाच्या कचेरीत त्यांचा अर्ज वेगळ्या रंगाचा होता. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'डिपेंडंट'. ग्रामरनी चष्मा वर केला. इंग्रजीत हा शब्द नाम असेल तर शेवटच्या भागात 'ए' अक्षर हवं, तिथे 'ई' छापला होता. त्यांनी पेन काढलं, 'ई'वर काट मारली आणि डोक्यावर सुबक 'ए' लिहिला. खिडकीतल्या बाईने खाडाखोड झालेला अर्ज परत सरकवला आणि नवा दिला. खाली एक ओळ अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहायची होती, मी कोण आहे त्याची, आणि ती वरच्या शब्दाशी जुळायला हवी होती. मागे रांग वाढत होती. बायको शेजारच्या खिडकीवर अधिकाऱ्याशी हसत काहीतरी बोलत होती.

ग्रामरनी इकडेतिकडे पाहिलं, डाव्या हाताने कागद झाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कळत असताना, स्पेलिंग चुकीचं लिहिलं.